लंडनची लाल बस आणि पहिल्या सहलीचं नियोजन

आधी निकाल सांगते. लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीला, म्हणजे लाल बस, भुयारी रेल्वे आणि एलिझाबेथ लाइन मिळून, मी पाचपैकी साडेचार देते. फक्त बसबद्दल विचाराल तर पुरते पाच. लंडनची पहिली सहल ठरवताना लोक आधी बघायच्या ठिकाणांची यादी करतात आणि मग तिथे पोचायचं कसं ते शोधत बसतात. आम्ही बसचे मार्ग आधी धरले आणि ठिकाणं त्यावर बसवली. सोबत म्हातारी माणसं असतील तर तुम्हीही असंच करा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

आम्ही चौघं गेलो होतो, २०२५ च्या मे महिन्यात. मी, बारा वर्षांचा मुलगा, आई आणि आबा. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. आबांनी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली, सातारा डेपोत. त्यामुळे आमच्या घरात बसकडे बघायची नजरच वेगळी आहे. फेरी वेळेवर सुटली का, उतारू नीट चढला-उतरला का, तिकीट चोख निघालं का, या तीन गोष्टींवर आबा कुठल्याही गाडीची परीक्षा करतात. हा अभिप्राय अर्धा त्यांचाच आहे.

आधी पॅकेज टूर बघितल्या होत्या. बहुतेकांत लंडनच्या वाट्याला दोन-तीन दिवस, पहाटे उठायचं, काचेच्या गाडीतून हे बघा, ते बघा, आणि संध्याकाळी ठरलेल्या हॉटेलात जेवण. आईला ते झेपलं नसतं. म्हणून एकच शहर आणि तेही निवांत असं ठरवलं. इथे एक गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पक्की लक्षात ठेवावी. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. पॅरिस-स्वित्झर्लंडसाठी काढलेला शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही, त्याचा वेगळा अर्ज आणि वेगळे पैसे. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा एप्रिल २०२५ पासून माणशी १२७ पौंड झाला होता. पौंड तेव्हा ११५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे चौघांचा खर्च तिकिटाआधीच बराच होतो. म्हणूनच तिथे गेल्यावर रोजचं फिरणं स्वस्तात बसणं आम्हाला गरजेचं होतं.

राहायची जागा मी स्टेशन बघून ठरवली. हॉटेल कसं आहे हे नंतर, आधी स्टेशनला लिफ्ट आहे का ते. भुयारी रेल्वेची २७२ स्टेशनं आहेत आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश ठिकाणीच पायऱ्या न चढता फलाटापर्यंत जाता येतं. १८६३ साली सुरू झालेली ही जगातली पहिली भुयारी रेल्वे, त्यामुळे अडचण समजण्यासारखी आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला इतिहास सांगून उपयोग नाही. याउलट २४ मे २०२२ ला सुरू झालेली एलिझाबेथ लाइन. तिच्या सगळ्याच्या सगळ्या ४१ स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरीशिवाय जाता येतं. मग आम्ही ईलिंग ब्रॉडवे धरलं. हीथ्रो विमानतळावरून एलिझाबेथ लाइनने थेट तिथे उतरता येतं, शहराच्या मध्यात टॉटनम कोर्ट रोडला वीसेक मिनिटांत पोचता येतं, आणि मध्य लंडनपेक्षा राहणं स्वस्त. शिवाय २०७ नंबरची बस तिथून साउथॉलला जाते. तिथे भाजी, पीठ, मसाले सगळं मिळतं आणि रेल्वे स्टेशनवरची पाटी इंग्रजीसोबत गुरुमुखीतही आहे. आईला परदेशात पहिल्यांदा बरं वाटलं ते तिथे, मेथीच्या जुड्या बघून.

हीथ्रोहून शहरात यायचे पर्याय नीट तोलून बघा. पिकॅडली लाइनने मध्य लंडनपर्यंत तेव्हा ५.८० पौंड पडायचे, एलिझाबेथ लाइनने १३.९०. हीथ्रो एक्स्प्रेस त्याहूनही महाग, आणि ती फक्त पॅडिंग्टनला सोडते. तरुण माणूस एक पाठपिशवी घेऊन येत असेल तर त्याने पिकॅडलीनेच यावं, वेळ जास्त लागतो पण पैसे वाचतात. मोठ्या बॅगा आणि म्हातारी माणसं असतील तर एलिझाबेथ लाइनचे जास्तीचे पौंड मी डोळे झाकून देईन. डबे रुंद आहेत, गार आहेत आणि बॅग ढकलत थेट लिफ्टमध्ये नेता येते.

आता तिकिटाचं. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे जुलै २०१४ पासून घेतच नाहीत. ऑइस्टर नावाचं निळं कार्ड घ्या किंवा आपलं बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड पिवळ्या यंत्रावर टेकवा, भाडं दोन्हीकडे तेवढंच. भारतातून जाणाऱ्याने तीन गोष्टी घरीच उरकाव्यात. एक, परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस वापर या दोन्ही सोयी बँकेच्या ॲपमधून चालू करणं, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे त्या मुळात बंद असतात. दुसरं, कार्ड व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्स्प्रेसचं असावं. रुपेवर विसंबू नये. तिसरं, परदेशी व्यवहारावर बँक किती टक्के कापते ते विचारून घेणं. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लागतो, काही फॉरेक्स कार्डांवर तो नसतो. माणशी एक वेगळं कार्ड हवंच. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. आमचं एका बँकेचं कार्ड सगळ्या सोयी चालू करूनही यंत्राने घेतलं नाही आणि बँकेच्या मदत क्रमांकावर कुणी दाद लागू दिली नाही. जवळ दुसरं कार्ड होतं म्हणून निभावलं. तेव्हा जोडीला एक जास्तीचं कार्ड असू द्याच.

मुलासाठी मात्र ऑइस्टरच घ्यावं. अकरा ते पंधरा वर्षांच्या पाहुण्या मुलांना अर्धं भाडं पडतं, पण त्यासाठी ऑइस्टर कार्ड स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडे देऊन ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्यावी लागते. जास्तीत जास्त चौदा दिवस ती चालते. बँकेच्या कार्डावर ही सवलत मिळत नाही. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्या माणसासोबत फुकट. म्हाताऱ्यांना काय, हा आबांचा पहिला प्रश्न होता. बाहेरून आलेल्या ज्येष्ठांना काहीच नाही. तिथली साठीनंतरची मोफत प्रवासाची कार्डं लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहेत. एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. आई-आबांना त्याची इतकी सवय झाली आहे की पूर्ण भाडं देणं त्यांना खटकलं, आणि अर्धा गुण मी कापला त्यात हेही कारण आहे. पाहुणा म्हातारा झाला तरी म्हाताराच असतो.

पण बसचं भाडं बघा. एका बसला तेव्हा १.७५ पौंड, म्हणजे दोनशे रुपये. ऐकायला जास्त वाटतं. मात्र पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी त्याच पैशात. आणि दिवसभर नुसत्या बसनेच फिरलात तर तेव्हा ५.२५ पौंडांच्या वर एक पेनीही कापली जात नव्हती, मग तीन फेऱ्या करा नाहीतर तेरा. रेल्वेसकट धरलं तर पहिल्या दोन झोनची (झोन म्हणजे शहराच्या मध्यापासून बाहेर मोजलेले भाड्याचे पट्टे) दिवसाची मर्यादा ८.९० होती, ईलिंगसारख्या तिसऱ्या झोनपर्यंत १०.५०. हा हिशोब यंत्र आपोआप करतं. कुठला पास घ्यावा म्हणून आदल्या रात्री डोकं लावायला नको. दिवस पहाटे साडेचारला बदलतो. आठवड्याचीही मर्यादा आहे, पण ती सोमवार ते रविवार मोजतात. म्हणून विमान शनिवारी-रविवारी पोचेल आणि पुढचा अख्खा आठवडा तिथे मिळेल असं तिकीट काढता आलं तर काढा. बुधवारी पोचून पुढच्या मंगळवारी परतणाऱ्याचा आठवडा दोन तुकड्यांत जातो आणि मर्यादेचा फायदा हातचा सुटतो.

बसमध्ये चढताना एकदाच कार्ड टेकवायचं, उतरताना नाही. रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर येताना दोन्हीकडे, आणि तेही त्याच कार्डाने. येताना फोन आणि जाताना कार्ड असं केलंत तर यंत्र तुम्हाला दोन वेगळी माणसं समजतं आणि दोन्हीकडे जास्तीत जास्त भाडं लावतं.

आबा पहिल्या दिवशी ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला उभे राहून चढणारं एकेक माणूस बघत होते. कंडक्टर नाही, घंटीची दोरी नाही. “ताई, हितं तिकीट काढलं का न्हाई हे बघतं कोण?” त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, अधूनमधून तपासनीस चढतात, हातातल्या यंत्राने कार्ड तपासतात, आणि तिकीट नसेल तर दंड शंभर पौंड. “म्हंजे लाइन चेकिंग हितंबी हाय,” ते म्हणाले आणि त्यांचं समाधान झालं. पुढे एका फेरीला खरंच दोघं तपासनीस चढले. आबांनी कार्ड असं पुढे केलं की जणू वेबिलच, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागदच, दाखवतायत.

सगळ्यात मोलाची सूचना ही की १५ नंबरच्या बसला वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसा. ट्रफाल्गर स्क्वेअरला ती सुटते, त्यामुळे जागा मिळते. स्ट्रँडवरून ती फ्लीट स्ट्रीटला लागते. दोन्ही बाजूंच्या इमारती इतक्या जवळ येतात की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांतली नक्षी अगदी डोळ्यांसमोर येते. मग रस्ता जरासा उतरतो, पुन्हा लडगेट हिलची चढण लागते आणि समोरच्या पूर्ण काचेत सेंट पॉल्सचा घुमट हळूहळू वर येत जातो. आधी टोक, मग शिशाच्या पत्र्याचा राखाडी उतार, मग खांबांची रांग, आणि शेवटी पायऱ्यांवर बसलेली माणसं. बस सिग्नलला थांबली तेव्हा पुढच्या काचेवर पावसाचे थेंब होते आणि मुलाने काच बाहेरून पुसता येते का म्हणून विचारलं. तिथून मॉन्युमेंट आणि मग टॉवर ऑफ लंडन, जिथे कोहिनूर आहे. पर्यटकांसाठीच्या उघड्या बसना याच रस्त्यांसाठी पंधरा-वीस पट पैसे पडतात. त्यांत माहिती सांगणारा आवाज असतो हे खरं, पण आदल्या रात्री अर्धा तास वाचून ठेवलं की त्याची गरज उरत नाही.

ज्यांना जिना चढवत नाही त्यांना खालीही छान बसता येतं. बस थांब्याला लागली की फुटपाथच्या बाजूने थोडी खाली झुकते, पायरी जवळजवळ राहतच नाही. व्हीलचेअरसाठी प्रत्येक बसला उतरती फळी (रॅम्प) आहे. पुढच्या जागा म्हाताऱ्यांसाठी राखीव आहेत आणि आई चढली की कुणी ना कुणी उठायचंच, सांगावं लागलं नाही. दर थांब्याआधी पुढच्या थांब्याचं नाव पाटीवरही येतं आणि बोलूनही सांगतात. आई इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचते. तिला कुठे उतरायचं ते स्वतःला कळत होतं, आणि दोन दिवसांनी तीच आम्हाला “पुढचा आपला” म्हणून सांगायला लागली.

दुसरा मार्ग २४ नंबरचा. पिम्लिकोहून निघून ती व्हिक्टोरिया, संसदेची इमारत, व्हाइटहॉल, ट्रफाल्गर स्क्वेअर, कॅम्डन करत हॅम्पस्टेड हीथला जाते. याच एका बसने आमचे दोन दिवस भरले. ब्रिटिश म्युझियम याच वाटेवर आहे, आणि तिथे जायला पैसे लागत नाहीत. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं तिथे आहेत. पण मी ती धरली ती किंग हेन्रीज रोडसाठी. कॅम्डनच्या पुढे चॉक फार्म रोडला उतरून दहाएक मिनिटं चालत गेलं की १० क्रमांकाचं घर लागतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहिले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं. बाहेरून बघितलं तर शेजारच्या घरांसारखंच विटांचं घर, फक्त भिंतीवर निळी गोल पाटी. आबांनी चपला बाहेर काढू का म्हणून विचारलं. ते पाटीसमोर बराच वेळ उभे होते, आणि त्यांनी माझ्या मुलाला सांगितलं की एवढ्या लांबून रोज कॉलेजला जायला त्यांना पैसे कुठून पुरत असतील, याचा विचार कर. टूरच्या यादीत हे घर मला कुठेच दिसलं नव्हतं. मराठी माणसाने लंडनला जाऊन ते बघितलं नाही तर मला मनापासून वाईट वाटेल.

उत्तरेकडेच हायगेटला ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू आहे, श्यामजी कृष्ण वर्मांचं इंडिया हाउस, जिथे सावरकर राहत होते. तिथेही पाटी आहे. आर्चवे रोडवरून ४३ आणि १३४ नंबरच्या बस जातात. आम्ही ते उभ्या-उभ्याच बघितलं, कारण घर खासगी आहे.

केन्सिंग्टनच्या संग्रहालयांसाठी ९ नंबर. ऑल्डविचहून पिकॅडली, हाइड पार्क कॉर्नर करत रॉयल अल्बर्ट हॉलला उतरायचं आणि एक्झिबिशन रोडवरून चालत उताराला लागायचं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, विज्ञान संग्रहालय, निसर्ग संग्रहालय, तिन्हींना प्रवेश मोफत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधली वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि आम्ही ती साताऱ्यातच बघितली होती, त्यामुळे मुलाला तिथली रिकामी जागा शोधायची घाई होती. टिपूचा वाघ, म्हणजे टिपू सुलतानाचं लाकडी वाघाचं यंत्र, मात्र तिथेच आहे.

पैसे देऊन बघितलेल्या ठिकाणांत कॉव्हेंट गार्डनचं लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम मी सगळ्यात वर ठेवेन. अठरा वर्षांखालची मुलं तिथे फुकट आहेत. जुन्या कंडक्टरांची तिकिटं ठेवायची फळी आणि तिकिटाला भोक पाडायचा पंच काचेत ठेवला होता. आबा तिथून हलेचनात. त्यांनी मुलाला तिकिटांच्या गड्ड्या किमतीप्रमाणे कशा लावायच्या, अंगठ्याने वरचं तिकीट कसं ओढायचं आणि पंच मारताना आवाज कसा यायला हवा हे हवेत हात फिरवून दाखवलं. लंडनमधल्या नेहमीच्या मार्गांवरची कंडक्टरवाली रूटमास्टर, म्हणजे जुनी लाल डबलडेकर, डिसेंबर २००५ मध्ये १५९ नंबरवर शेवटची धावली, हे तिथल्याच एका कर्मचाऱ्याने त्यांना सांगितलं. मी मध्ये दुभाषी होते. दोघांचं बोलणं सुट्ट्या पैशांवर आलं तेव्हा माझी गरज फारशी उरली नाही. या संग्रहालयाला जाताना कॉव्हेंट गार्डन स्टेशनला उतरू नका असं मी सांगेन. लिफ्ट भरलेली असते आणि जिना १९३ पायऱ्यांचा आहे. बसने स्ट्रँडला उतरून चालत जा.

भुयारी रेल्वेबद्दल थोडं. लांबच्या अंतराला तिला तोड नाही. पण सेंट्रल, नॉर्दर्न, बेकरलू अशा खोल बोगद्यांतल्या लाइनींना वातानुकूलन नाही आणि उकाडा चांगलाच होतो. डिस्ट्रिक्ट, सर्कल, मेट्रोपॉलिटन या वरच्या लाइनींचे डबे गार आहेत. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात भाडं जास्त आणि गर्दीही जास्त, म्हणून आम्ही न्याहारी सावकाश करून निघायचो. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी काही भाग बंद असतात, ते आदल्या दिवशी लंडनच्या वाहतूक संस्थेच्या ‘टीएफएल गो’ ॲपवर बघून घ्यायचं. त्याच ॲपमध्ये पायरीशिवायची स्टेशनं वेगळी दाखवायची सोय आहे. आईसाठी ती मी पहिल्याच दिवशी चालू केली आणि शेवटपर्यंत बंद केली नाही. बहुतेक स्टेशनांवर स्वच्छतागृह नसतं, तेव्हा संग्रहालयातून निघतानाच जाऊन यावं.

बसलाही उणं आहेच. दुपारनंतर ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या आसपास ती इतकी रेंगाळते की चालणारा पुढे जातो. घाई असेल, नाटकाचं तिकीट असेल, विमान असेल, तर बसच्या भरवशावर राहू नये. मोठ्या चौकांत एकाच नावाचे चार-पाच थांबे असतात आणि प्रत्येकाला वेगळं अक्षर. कुठल्या अक्षराच्या थांब्यावर उभं राहायचं ते आधी बघून घ्यावं आणि बस दिसली की हात करावा.

निघताना मुलाच्या ऑइस्टरवर थोडे पैसे उरले होते. दहा पौंडांपर्यंतची शिल्लक स्टेशनवरच्या यंत्रातून परत घेता येते. आम्ही घेतली नाही, कारण ती शिल्लक बाद होत नाही आणि कार्ड कुणालाही वापरता येतं. माझ्या नणंदेचा मुलगा सप्टेंबरमध्ये शिकायला तिकडे जाणार होता, त्याला ते कार्ड दिलं, आणि आबांनी त्याला १५ आणि २४ हे दोन नंबर कागदावर लिहून दिले.